रेडिओ कोणाच्या ओसरीवर?
ओल्या बांबूचा वास आला की वलगावजवळची आमची माळ्यांची वस्ती आठवते. सरकारने अख्ख्या गावाला एकच रेडिओ दिला होता. तो आमच्या वस्तीत ठेवायचा की पाटलांकडे, हे ठरवायला अमरावतीहून साहेब आले. रेडिओच्या एरियलच्या तारेसाठी बांबू आम्ही आधीच रोवला होता. साहेबांनी विचारलं, "खुर्च्या किती आहेत?" माय फटकन म्हणाली, "कानानं आयकतेत जी सायेब, ढुंगणानं नाई!" साहेब हसले, आणि रेडिओ पाटलांच्या ओसरीवर गेला. तिथे आम्हा माळणींना पायसुद्धा ठेवता येत नव्हता. मी चौथीतच शाळा सोडलेली, पण हा अन्याय मलाही कळला. आज परमुलखात घरमालकीणबाई रेडिओ ऐकायला हाक मारतात. त्यांचे उपकारच आहेत, तरी ऐकायला बसले की कोणीतरी तिथून उठवील ही धास्ती जात नाही, आणि ती त्या साहेबाने लावली.