आईनं फाईलचं नाव घेतलं

माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा कसा आहे यापेक्षा माझ्या हळदीला आत्या गाणार, याचाच मला जास्त आनंद झाला होता. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही. आमच्या घरातला घाणा आत्याशिवाय कधी भरलाच नव्हता. सुवासिनी मुसळांना आंब्याची पानं बांधून उभ्या राहायच्या, आत्या ओवी उचलायची आणि बाकीच्यांनी नुसतं तिच्या मागून म्हणायचं. नेमकी लग्नाच्या तोंडावर ती रहिमतपूरला ओट्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मी सांगलीच्या ऑफिसात ढसाढसा रडले. साहेबांना वाटलं, लग्नच मोडलं.

पण आत्या हार मानणारी नव्हे. तिनं सुनेकडून ओव्या रेकॉर्ड करून घेतल्या आणि आमच्या उंब्रजच्या घरी मेलवर पाठवून दिल्या. तेव्हा आम्हाला तेवढीच सोय ठाऊक होती. उतरवून घ्यायला घरात आई एकटीच. दादानं कम्प्युटर मराठीत करून दिला होता, आईही चार अक्षरं टाईप करायला शिकली होती, पण माऊसला ती उंदीरच म्हणायची, पडद्यावरच्या कर्सरला बाण म्हणायची आणि हात लावण्याआधी पदर सावरायची. मी फोनवरून सांगत होते.

"आता सेव्ह दाब, आई. नाव विचारेल."

"व्हय, इचारतंय. मला?"

"तुलाच. नाव दे आणि पुढं जा."

मग बराच वेळ नुसती बटणं वाजली.

"लय मोठं झालं तर चालतंय का गं?"

"चालतंय. हवं तेवढं मोठं दे."

"घेतलं बाई एकदाचं," आई म्हणाली आणि लाजल्यासारखी हसली. "दिलं" नाही, "घेतलं". पण माझ्या डोक्यात तेव्हा शालूचा रंग घोळत होता, त्यामुळे हे शब्द कानावरून गेले.

हळदीच्या दिवशी मांडववाल्यानं खांब रोवताना नेटची वायर तोडली. आम्ही निवांत, गाणं तर घरातच होतं! मुसळं सजली, बायका जमल्या, दादानं कम्प्युटर बाहेरच्या सोप्यात आणून त्याला मोठा स्पीकर जोडला. आणि गाणं काही सापडेना. "आत्या" लिहून शोधलं, "हळद" लिहून शोधलं, "घाणा" लिहून शोधलं. वडील फौजेतून निवृत्त झालेले, त्यांची कीर्तनं तिथं पलटणीसारखी ओळीनं उभी होती, पण आत्याचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला लागला. तिच्या आवाजाशिवाय हळद लावून घ्यायला मन तयारच होईना.

"आई, नाव काय दिलं होतंस?"

आईनं पदर तोंडाला लावला. "आता सगळ्यांम्होरं कसं सांगू?"

"फाईलचं नाव सांगायला लाज कसली?"

"मला काय ठावं फाईलचं! नाव इचारलं, मी घेतलं."

अख्खा सोपा खदाखदा हसत सुटला. लगीनघरात बाईला नाव विचारलं की ती नवऱ्याचंच घेणार, आणि उखाण्यातच घेणार. आईचं बिचारीचं काय चुकलं? धाकटी चुलती तर भिंतीला टेकून डोळे पुसायला लागली.

"मग घ्या की आता तोंडानं, जाऊबाई! त्याबिगर पोरीला हळद न्हाई लागायची."

आईनं माझ्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि घेतलं:

"उंदीर धरला मुठीत, बाण लागला पळायला,
...रावांचं नाव घेते नणंदेचं गाणं ठेवायला."

गाळलेल्या जागी वडिलांचं नाव. ते इथं लिहायची माझी काय टाप! वडील नारळ घेऊन दारातच उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "लवकर लावा, खोळंबा हुतोय," एवढंच ते ओरडले, कुणाकडेही न बघता.

दादानं "उंदीर" लिहिलं आणि फाईल टुणकन समोर आली. मी आनंदानं पाटावर उडीच मारली. आत्याचा तो जाडसर, गोड आवाज सोप्यात घुमला. पहिली ओवी झाली आणि आवाज बंद. काहीच ऐकू येईना. "अर्धंच उतरलंय," म्हणत दादानं माऊसकडे हात नेला, तर चुलतीनं त्याच्या हातावर सटकन फटका दिला.

"थांब रं! त्यो बिघाड न्हाई. ती आमची जागा हाय."

आणि सगळ्याजणींनी ती ओवी उचलली. मुसळं वरखाली झाली, बांगड्या वाजल्या. ओवी संपते न संपते तोच आत्या पुढची घेऊन हजर, अगदी वेळेवर! रहिमतपूरला खाटेवर पाय लांब करून, आम्हा सगळ्यांना मनात उभं करून, तिनं प्रत्येक ओवीनंतर वाट पाहिली होती. माझी आई शेवटचा शब्द नेहमी जरा उशिरा सोडते. आत्या तिच्यासाठीही थांबली होती.