सासऱ्यांच्या नावावरचं शिक्षण

मनालीच्या सासऱ्यांच्या, हरिदासरावांच्या, जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटात शिरलं की समोरच प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट दिसतं, चांगलं फ्रेम करून टांगलेलं. नाव सासऱ्यांचं, अभ्यास सुनेचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

रिटायर झाल्यावर हरिदासराव एका शाळेच्या बसगाड्यांवर सुपरवायझर म्हणून लागले. कॅथलिक सिस्टरांच्या दवाखान्याचा प्रथमोपचाराचा कोर्स करून या, असं शाळेनं सांगितलं. धडे घरी मोबाइलवर बघायचे आणि मग एका रविवारी दवाखान्यात जाऊन प्रात्यक्षिक करायचं. त्यांनी मोबाइल सुनेपुढं सरकवला, नुसतं पुढं पुढं ढकल म्हणाले. मनालीनं ढकललं नाही. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं, तेवढ्यात घरच्यांनी लग्न उरकून टाकलं. मोबाइल तेलाच्या बरणीला टेकवून, भाकरी थापता थापता तिनं एकेक धडा मन लावून पाहिला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. रविवारी मीपण येऊ का, असं तिनं विचारून पाहिलं. मग स्वयंपाक कोण करणार, एवढ्यावर विषय मिटला. सासरे एकटेच गेले, रबरी बाहुल्याची छाती दाबून आले आणि सिस्टरांबरोबरचा फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पुढं एका सकाळी सासूबाई, मीनाबाई, स्वयंपाकघरात कोसळल्या. मनालीनं त्यांना कुशीवर वळवलं. श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. शेजारी दारात गोळा झाले. हरिदासराव पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"मामा, पानी नका देऊ. बेशुद्ध माणसाला पानी देत न्हाईत," मनाली म्हणाली.

चारचौघांत सुनेनं शिकवायचं म्हणजे काय? हरिदासरावांचं डोकं फिरलं.

"सर्टिफिकेट कुणाच्या नावावर हाय? तुझ्या?" असं म्हणत त्यांनी बायकोला उताणं केलं आणि तोंडात पाणी ओतलं. मीनाबाईंच्या घशात घरघर सुरू झाली, ओठ निळे पडले.

रिक्षात घालून त्यांना त्याच दवाखान्यात नेलं. पाणी फुप्फुसात गेलंय, बेशुद्ध बाईला कुणी पाजलं, असं डॉक्टरांनी विचारलं. कोर्स शिकवणाऱ्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. हरिदासरावांनी मान खाली घातली.

"सुनेनं," ते म्हणाले. "तिला काय कळतंय?"

मनालीनं नवऱ्याकडं पाहिलं. सिद्धांत सकाळी घरातच होता, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. तो औषधाची चिठ्ठी घेऊन खाली निघून गेला. असल्या नवऱ्याला काय ओवाळायचंय?

मीनाबाई घरी परतल्या नाहीत. त्यांच्या माघारी झालेल्या जलदान विधीला आलेल्या बायका मनालीच्या हातचा चहा घेताना एकमेकींकडं बघत होत्या. शेजाऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या घरचं भांडण कोण विकत घेतं? खापर सुनेच्या माथी फुटलं ते फुटलंच. मनालीला तेव्हा रडूसुद्धा आलं नाही, इतका तिला राग आला होता.

दोन वर्षांनी सर्टिफिकेटची मुदत संपली. कोर्स पुन्हा करायला हवा होता. हरिदासरावांनी जेवता जेवता मोबाइल तिच्यापुढं सरकवला.

"तेवढे धडे बघून टाक की."

मनालीनं तव्यावरची भाकरी उलटली. मोबाइलला हात लावला नाही.

"मला काय कळतंय, मामा?" ती म्हणाली.

हरिदासरावांनी मोबाइल परत आपल्याकडं ओढून घेतला. आता सगळे धडे त्यांना स्वतःच बघावे लागणार होते, बेशुद्ध माणसाला पाणी देऊ नये हासुद्धा.