माझ्याआधीच्या सरांचं पायथन

राजापेठेतल्या ज्या क्लासमध्ये मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचो, तिथे नवा आलेला प्रत्येक मास्तर आधीच्याचं पायथन उष्टं समजून कॉम्प्युटरवर आपलं वेगळं टाकायचा. मीही टाकलं, वर त्यात तयार कोडची एक लायब्ररीही टाकली. मग पोरांसमोर स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालवली, तर ती म्हणे लायब्ररी सापडत नाही. अरे, आत्ताच तर टाकली! पुन्हा टाकली, पुन्हा तेच. क्लासचे मालक दारातून म्हणाले, "सर, तुमाले येते ना पायथन?" कीबोर्ड त्यांच्याच टाळक्यात घालावा असं वाटलं.

शेवटी स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, तुला चालवणारं पायथन कुठल्या फोल्डरात आहे ते छाप. तिनं इमानदारीत छापलं. फोल्डर माझ्याआधीच्या सरांच्या नावाचा होता. मी लायब्ररी माझ्या पायथनमध्ये कोंबत होतो आणि स्क्रिप्ट चालत होती त्यांच्या पायथनवर.

मालकांना बोलावून दाखवलं, म्हटलं, बघा, चूक माझी नाही. ते पडद्याकडे पाहून खूश झाले.

"तो माणूस अकोल्याले निघून गेला, तरी क्लास अजून तोच घेऊन राहिला," ते म्हणाले. "तुमी मंग इथं काय करून राहिले?"