छापलेलं कारंजं

सकाळचे पाच चाळीस. डमडममधल्या तळ्यात ऋता आगाशे छातीइतक्या पाण्यात उभ्या आहेत. एका मुलीच्या पोटाखाली हात धरून त्या बंगालीत ओरडतायत, पाय मार, पाय! नजर मात्र काठावरच्या फलकाकडे.

ऋताबाई जन्मल्या कोलकात्यातच. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्या, पण आसपासच्या मुलींना पोहायला शिकवणं सुटलं नाही. ना फी, ना क्लब. घाटाच्या पायऱ्या तेवढ्या लागतात. त्या पायऱ्याच आता जाणार, असा त्यांना संशय आहे. पालिकेनं तळ्याचं सुशोभीकरण काढलंय. फलकावर आराखडा लावलाय, वर लिहिलंय, ‘तुमचं तळं, तुम्हीच आखा’. ज्याला जे हवं, त्यानं त्या जागी हिरवी टिकली चिकटवायची. आराखड्यात मध्यभागी कारंजं आहे, भोवती सलग कठडा. पायऱ्या कुठेच नाहीत.

काल संध्याकाळी मुलींनी घाटाच्या जागी टिकल्यांची दाटी केली होती. आज तिथे एकही नव्हती.

वर्ग संपता संपता आराखडा करणारा सलील आला.

“नमस्कार काकू!”

“मराठी? माझ्यासाठी शोधून आणलेलं दिसतंय तुम्हाला.”

“नाही हो, बाबा बँकेत, त्यांची बदली झाली म्हणून इथे...”

“ते राहू द्या. टिकल्या कुणी काढल्या?”

सलीलनं वाकून पाहिलं. फलकाखालच्या गवतात टिकल्या ओल्या होऊन पडल्या होत्या. “दमट हवेनं सुटल्या, काकू. तुम्ही उगाच संशय घेताय.”

गोष्ट खरी होती. कुणी हात लावलेला नव्हता. ऋताबाईंनी आराखड्यातल्या कारंज्यावर नख घासून पाहिलं.

“हे बरं सुटत नाही!”

“ते छापलेलंय.”

“मागितलं होतं कुणी?”

मागे मुली टॉवेलात तोंड लपवून हसत होत्या.

“म्हणजे तुमचं ते छापायचं आणि आमचं चिकटवायचं.”

सलीलनं मार्कर काढला, कठडा एका जागी खोडला आणि तिथे पायऱ्या काढल्या. “आता झालं?”

ऋताबाईंनी ओला अंगठा फिरवला. शाई पसरली.

“छापून आणा.”

“आणतो. उद्या दुपारी तीनला बैठक आहे, तिथे पालिकेच्या साहेबांसमोर...”

“तीनला या मुली शाळेत असतात. हेही तुम्हाला ठाऊक नसेल, नाही का?”

खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं बाजूला जाऊन फोन केला, बराच वेळ हो-हो केलं आणि परत येऊन म्हणाला, “उद्या सकाळी साडेपाचला येतायत साहेब. इथेच.”

“फलकावर लिहा.”

त्यानं लिहिलं. ऋताबाई ते दोनदा वाचून मुलींकडे वळल्या. वर्ग रोज साडेपाचला भरतो. उद्या पाचला भरेल. साहेब येतील तेव्हा मुली पाण्यात असतील.