दादाची अर्धी बाज

रविवार, बावीस तारीख, सकाळचे दहा. ठिकाण बोरी, दादाच्या घराचा ओटा. हजर: वहिनी, पुतण्या अविनाश, शेजारचे रहीमचाचा आणि मी. विषय एकच, ओट्यावरची अर्धी विणलेली बाज. असं टिपून ठेवायची सवय मला शाळेच्या कार्यालयातल्या नोकरीनं लावली. माझा मोठा भाऊ जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. अविनाशचा फोन आला, त्या सकाळीही मी परभणीत किराण्याची यादीच करत होते. "आत्या, बाबा गेले…" यादीत पुढे काय लिहायचं होतं, ते मला अजून आठवलेलं नाही.

दादा एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर दुपारचं जेवण उरकलं की तो बाजा विणायला बसायचा, स्वतःच्या आणि गावातल्या कुणाच्याही. नियम एकच होता, एकदा घातलेली नक्षी पुन्हा घालायची नाही. शेजाऱ्याच्या बाजेसारखीच पाहिजे असं कुणी म्हणालं, तर म्हणायचा, "मंग त्याच्याच बाजेवर जाऊन झोप की." नोकरीत वर्षानुवर्षं जिंतूरचा तोच रस्ता, तरी रोज काहीतरी नवं बघून यायचा. कुणाच्या खिडकीची जाळी, बाजाराला निघालेल्या बाईच्या टोपलीची वीण. कोऱ्या कागदावर चार रेघा ओढायचा आणि बाज पुरी झाली की तो कागद चुलीत. मी चिडायचे. नक्ष्या उतरवून ठेव म्हणून चांगली जाड वही नेऊन दिली, तर तिच्यावर चहाचं पातेलं ठेवायला लागला. "लिवून ठेवलं की हात आळशी होतेत, सुमे."

मला आईच्या बाजेसारखी चौकड्यांची बाज हवी होती. "आईची आईसोबत गेली," तो म्हणाला आणि नवी चौकट घेऊन बसला. शेवटची भेट तीच. मी शेजारी बसून सूचना करत होते, तर सुतळी माझ्याच हातात दिली. "दोन वर, दोन खाली. लय सोपंय." चार ओळी झाल्यावर लक्षात आलं, एका जागी मी तीन खालून घेतल्या होत्या. उसवायला लागले, तर त्यानं हात धरला.

"थांब. कुठं जायलीय ती, बघू तरी."

"चूक आहे ती, दादा!"

"ते मलाबी दिसायलंय."

रहीमचाचा पलीकडून हसले. "ताई, आता तुमच्या चुकीपायी हा आठ दिवस जेवायचा न्हाई."

आठ दिवसांतच तो गेला.

त्या रविवारी अविनाशचं म्हणणं सरळ होतं. "आत्या, जिंतूरला नायलॉनची पट्टी एका दिवसात बसवून देतात. असं अर्धवट किती दिवस ठेवायचं?" मलाही ते पटलं होतं. माझ्या कागदावर पहिलंच काम होतं, सुतळी काढणे. वहिनी नुसता विणीवरून हात फिरवत राहिल्या. चाचांनी मला उशाकडच्या बाजूला बोलावलं. "इकडून बघा."

तिकडून दिसलं. माझी चूक दादानं पुन्हा घातली होती. दर चार ओळींनी, एकेक घर सरकवून. तीन दोऱ्यांची ती खूण तिरपी चालत बाजेच्या मध्यावर आली होती आणि तिथे थांबली होती.

"पुढं कुठं न्यायची होती त्याला?" मी विचारलं.

"मी इचारलं होतं," चाचा म्हणाले. "म्हणला, अजून कळंना गेलंय."

अविनाश वाकून बघत राहिला. जिंतूरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मी 'सुतळी काढणे' खोडलं. आता बाज माझ्याकडे, परभणीत आहे. सुतळीचं टोक दादानं बाजेच्या पायाला गुंडाळून ठेवलं होतं, तसंच आहे. रोज दुपारी समोर बसते, कधी उशाकडून, कधी पायथ्याकडून बघते. चूक डावीकडे वळवावी की तशीच कोपऱ्यापर्यंत जाऊ द्यावी? यादीत एवढं एकच काम राहिलंय, आणि ते टोक मी अजून सोडलेलं नाही.