कंबरेतले पऱ्हे

रोवणीत माझ्या आधी कोणी धुरा गाठलेला मला खपत नाही. धान रोवताना बायका मागे मागे सरकतात. जिची पाठ आधी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, पोचते तिचा मान मोठा. लग्न होऊन करडीला आले त्या पहिल्याच हंगामात मी मोठ्या जाऊबाईंना हरवलं, तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा. माझ्या आधी धुरा गाठता आला नाही की त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "हिचे हात चालतेत, पण धान वाकडा लावते." साफ खोटं होतं ते.

मग एका हिवाळ्यात धानाचे भारे ट्रॉलीवर रचताना मी वरून पडले आणि उजव्या पायाची नडगी मोडली. आत सळई टाकली. जुळेल, जुळेल म्हणता म्हणता पुढची रोवणी आली तरी काठी सुटेना. मी धुऱ्यावर बसून बघत होते. जाऊबाई समोरच्या बांधीत रोवत होत्या, पण दिवसभरात त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. तेव्हा मला खरी धडकी भरली. जाऊबाईंनीसुद्धा माझी आशा सोडली होती.

नवऱ्याला रोवणी सोडता येईना, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात सोबत त्याच आल्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मोडलेल्या जागी अजून काळी फट होती. ते म्हणाले, "हाडाच्या आतल्या मगजात मूळ पेशी असतात. नवं हाड त्यांच्यापासूनच घडतं. तुमच्या या जागी त्या कमी पडल्या, म्हणून दुसऱ्या हाडातून काढून इथे सोडू. जमेलच असं वचन देत नाही. नाही जमलं तर मोठं ऑपरेशन, आणि चिखलातलं काम बहुतेक विसरावं लागेल."

"म्हणजे इथले पऱ्हे मेले, आता दुसरीकडचे आणून रोवायचे," मी म्हणाले. आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सडली तर शेजाऱ्याच्या बांधीतून मागून आणतात.

तेवढ्यात जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "मायं काढा, डॉक्टरसाहेब. मी हाडापेरानं मजबूत आहो. हिच्या अंगात हाये काय?"

डॉक्टर हसले. "बसा बाई. यांचेच पऱ्हे चालतात. यांच्याच कंबरेच्या हाडातून काढू."

बाई हिरमुसून बसल्या आणि मला रडू फुटलं. सुईची भीती वाटते, असं मी त्यांना सांगितलं.

कंबर बधिर करून जाड सुईनं लाल मगज ओढला, यंत्रात फिरवून घट्ट केला आणि पडद्यावर बघत बघत नडगीच्या फटीत सोडला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, खर्रा बंद, तंबाखूनं हाड जुळायला उशीर लागतो. परतीच्या बसमध्ये बाईंनी माझ्या पिशवीतली खर्र्याची पुडी काढून खिडकीबाहेर भिरकावली. स्वतःची मात्र कनवटीलाच ठेवली.

थंडीत पुन्हा एक्स-रे काढला. काळ्या फटीत काहीतरी पांढुरकं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "धरलं." आम्ही रोपांबद्दल हेच म्हणतो. बाईंनी माझा दंड इतका जोरात दाबला की तो दोन दिवस दुखत होता. पुढच्या खेपांना ते पांढरं दाट होत गेलं, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितलं.

मग रोवणी आली. चिखलात पाय घालणं सोपं, तो उपसून काढताना खरी परीक्षा. मी उजवा पाय पोटरीपर्यंत रुतवला आणि तशीच उभी राहिले. सगळ्या बायकांचे हात थांबले.

शेजारच्या ओळीतून बाई ओरडल्या, "काहून थांबली वं? काढ न पाय!"

मी दात आवळून पाय ओढला. चिखलानं चुबुक असा आवाज केला आणि पाय वर आला. दुखला नाही, डगमगला नाही. माझ्याच कंबरेतल्या पऱ्ह्यांनी घडवलेलं हाड होतं ते, आणि मला त्याचा इतका गर्व वाटला की मी मोठ्यानं हसले. मग वाकले, पऱ्ह्यांची पेंढी सोडली आणि मागे वळून पाहिलंच नाही. पाठ धुऱ्याला लागली तेव्हा बाईंची ओळ अजून बरीच उरली होती.

त्या सरळ झाल्या, चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिचे हात चालतेत, पण धान वाकडा लावते!"