खाटेभोवतीचा पडदा

पडदा खसकन ओढला गेला आणि डोळ्यांवर उजेड आला. मी बनियन-चड्डीवर झोपलो होतो. रात्रपाळी करून सकाळीच आलेलो. समोर आमचे ॲडमिन साहेब. पुण्याचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मागे कॅम्प बॉस. साहेबांनी मोबाइल वर धरला आणि मी होतो तसा माझा फोटो काढला.

"बघा. झोपडपट्टी करून ठेवलीय." मग माझ्याकडे वळून, "ए, ऊठ. काढ ही लक्तरं."

लक्तरं म्हणजे माझ्या बायकोची जुनी सुती साडी. मी पँट शोधत होतो. साहेबांना तेवढाही धीर नव्हता. त्यांनीच साडी तारेवरून उपटली. टर्रकन फाटली. फरशीवर कोणाचा तरी चहा सांडला होता. त्यावर साडी टाकली आणि बुटाने पुसून घेतलं.

पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप, एका पायावर उड्या मारत पँट चढवत होतो.

साडी तिथे का होती, ते सांगायला हवं. कतारमध्ये उम्म सलाल मोहम्मदच्या पलीकडे आमचा कॅम्प. फुटबॉल वर्ल्ड कपची बांधकामं जोरात. मी परभणीकडचा इलेक्ट्रिशियन. खोलीत दुमजली खाटा आणि दोन्ही पाळ्यांची माणसं एकत्र. दिवा कधी बंद होतच नाही. कोणी जेवतोय, कोणी नमाज पढतोय, कोणी घरी फोनवर भांडतोय. म्हणून प्रत्येकजण खाटेभोवती तार ताणतो आणि चादर, लुंगी, मिळेल ते टांगतो. रडायचं तर आत. बायकोशी बोलायचं तर आत. आतल्या माणसाला हाक मारायची नाही. खाटेचा पाइप नखाने वाजवायचा आणि आतून "हं" आल्यावरच बोलायचं. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण मोडतही कोणी नव्हतं. अंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या पाळ्या मात्र मी ठरवून भिंतीला लावल्या होत्या. त्यावरून सगळे मला मास्तर म्हणायचे.

कामगार कसे राहतात ते बघायला परदेशी पाहुणे येणार होते. आमची खोली कॅम्पात सगळ्यांत टापटीप, म्हणून तीच 'मॉडेल रूम' ठरली. माझ्या टापटिपीचं बक्षीस. सगळे पडदे उतरले. पांढऱ्या चादरी आल्या, प्लास्टिकची फुलं आली. पाहुण्यांच्या दिवशी बाकीच्यांना बसमध्ये घालून बाहेर फिरवायचं आणि चौघांनी खाटांवर बसून राहायचं. मला थोडं इंग्रजी येतं, म्हणून चौघांत मी.

"मास्तर, फुलांना पानी घाला बरं का," शेख चाचा म्हणाले. बीडचे गवंडी, खोलीत सगळ्यांत वडील. "आन हसा. हसल्याबिगर फोटू चांगला येत न्हाई."

मी हसलो नाही. झोपही येईना. कूस बदलली की समोरचा बघतोय. पाठ केली की मागचा बघतोय. डोळा लागला की तो मोबाइल दिसायचा. एकदा शिडीवर उभा राहून केबल ओढताना डुलकी लागली. कामावर मला कधी डुलकी लागत नाही. तेव्हा मी घाबरलो आणि साहेबांकडे गेलो.

"साहेब, पाहुणे गेले की पडदे लावायचे ना?"

"पडदे खलास. कायमचे."

पाहुणे आले. त्यांतले बरेच जण फोटो काढत फिरत होते. एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ माझ्या खाटेपाशी थांबले. सावकाश इंग्रजीत म्हणाले, त्यांचे आजोबा ग्लासगोला गोदीत काम करायचे आणि गरीब कामगारांच्या लॉजिंग हाउसमध्ये राहायचे. त्या घरालाही लोक 'मॉडेल'च म्हणत. दिवसा झोपायच्या जागेला कुलूप, माणसं रस्त्यावर. प्रत्येक खाटेभोवती मात्र लाकडी फळ्यांचा आडोसा असे, वर तारेची जाळी.

"पेटीएवढी जागा," ते म्हणाले. "पण फळी होती. तुमचा आडोसा कुठे आहे?"

साहेब मध्येच घुसले. "सर, दे लाइक इट ओपन. वन बिग फॅमिली."

मला आवडतं म्हणे. उघड्यावर झोपायला मला आवडतं.

मी उठलो. ट्रंक उघडली. साडी धुऊन, फाटलेलं शिवून ठेवली होती. तार काढली, खाटेच्या पाइपांना गुंडाळली, पक्कडीने पीळ दिला. माझं रोजचं काम. साडी टांगली, आत गेलो आणि ओढून घेतली.

"ए, काय तमाशा लावलायस? बाहेर ये!" साहेब दात आवळून मराठीत.

"साहेब, माझी झोपायची वेळ झालीय. जाताना दार ओढून घ्या."

बूट हलले. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. "धिस वे, सर, प्लीज." दार लागलं. झोप कसली येतेय.

संध्याकाळी बस परत आली. पाइप वाजला.

"हं."

"मास्तर, हायेस का गेलास?" शेख चाचा.

"आहे, चाचा."

"मंग तार उरली का थोडी?"

जेवणं व्हायच्या आत खोलीतली एकही खाट उघडी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं. कंपनीकडे जमा असलेला माझा पासपोर्ट साहेबांनी टेबलावर आपल्या हाताखाली ठेवला होता. मला दिसेल असा.

"पाहुण्यांसमोर कंपनीची अब्रू घालवलीस. लेखी माफी दे, नाहीतर घरचं तिकीट काढतो."

मोठी मुलगी बारावीला होती. मी म्हणालो, "माझा उघडा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आहे, साहेब. आधी तो पुसा. मग अब्रूचं बोलू."

त्यांनी पुसला नाही. मी लिहून दिलं नाही. तिकीटही काढलं नाही, मला पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमालकडच्या कॅम्पात पाठवलं. आमच्या खोलीतले पडदे पुन्हा उतरवल्याचं नंतर कळलं. शेख चाचांनी पुन्हा लावल्याचंही कळलं.

नव्या खोलीत सामान लावायच्या आधी मी सगळ्यांना उभं केलं आणि हिंदीत सांगितलं. ही खोली बघायला कोणी आलं तर बसमध्ये कोणीही बसायचं नाही. सगळ्यांनी इथेच राहायचं. जितके राहतो तितके दिसायचं. साहेब असो की पाहुणा, विचारल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि माझ्या किंवा तुमच्या पडद्याला हात लागला, तर तो हात मी धरणार. मी झोपलेला असलो तर मला उठवा.

कंपनीने माझं तिकीट काढायचं तर खुशाल काढावं. हात सोडणार नाही.